शिपाई मागून येतात

११ जुलै

आज मला काम मिळालं. पगाराचं नाही, पण काम. 'फ्लोर दा सालिना' या आमच्या सांबा मंडळाची येत्या कार्निव्हलची कथा मी लिहायची आहे. ओस्मारकाकांनी भर सभेत जाहीर केलं. ते मंडळाचे अध्यक्ष, एरवी मासळीच्या कारखान्यात बर्फ फोडतात, त्यामुळे साधं बोलले तरी काहीतरी फुटल्यासारखं वाटतं.

"आपली लुसिमारा चार वर्षं इतिहास शिकून आलीय. घरातली पहिली पदवीधर! मग कथा बाहेरून कशाला आणायची?"

यावर नोरातामावशी म्हणाली, "शिकली ते बरंच झालं. पण गोष्ट चालवता येते का तिला?"

नोरातामावशी म्हणजे मोठ्या घेराच्या पांढऱ्या घागऱ्यातल्या आज्यांची प्रमुख. त्या आज्यांशिवाय कुठलंच मंडळ रस्त्यावर उतरू शकत नाही, तसा नियमच आहे, आणि मावशीला तो नियम चांगला पाठ आहे. सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र लागलं.

गेल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो. या वर्षी शेवटचे आलो तर शहराच्या मिरवणुकीतून बाहेर. मग आपल्याच गल्लीत आपल्याच मावश्यांसमोर नाचायचं. तशी वेळ येऊ द्यायची नाही. मी आहे ना.

१३ जुलै

विषय ठरला. मीठ.

बाबा मिठागरावर काम करतात, आजोबाही करायचे, आमच्या मंडळाच्या नावातही मिठागर आहे, आणि तरी मिठावर एकदाही कथा झालेली नाही. मागच्या वर्षी आम्ही इजिप्तची राणी केली होती. का, ते कुणालाच आठवत नाही.

विद्यापीठात असताना जुने कागद चाळताना मला सापडलं होतं, की पोर्तुगालच्या राजाने इथल्या लोकांना मीठ काढायला बंदी केली होती. खाडीच्या कडेला मीठ आपोआप साचायचं, आणि लोकांनी ते उचलायचं नाही! शिपाई येऊन मिठाच्या वाफ्यांवरून बूट घालून फिरायचे, म्हणजे मीठ काळं होऊन वाया जाईल. बायका पोरांच्या टोपड्यांत, माशांच्या पोटांत भरून मीठ लपवायच्या.

हे लोकांना कळायलाच हवं. इतिहासाचं काही ऋण असतं ते असं फेडायचं.

२० जुलै

आराखडा लिहून झाला. कथा लिहिण्यापेक्षा कथेचा आराखडा लिहिणं कठीण आहे, हे मी आता ठामपणे सांगू शकते. कारण पुढचे सगळे यावर उभे राहणार. गाणी रचणारे यातून गाणी काढणार, आई यातून कपडे शिवणार, आणि शेवटी हाच छापून परीक्षकांच्या हातात जाणार. रस्त्यावर जे दिसेल ते कागदाशी ताडून पाहायचं, फरक पडला की गुण कापायचे.

म्हणून प्रत्येक तुकडीला तिचा अर्थ दिला. आघाडीला ऊन आणि वारा नाचतील. मग खाडी, मग मीठ. मग राजाचा हुकूम आणि त्यामागे शिपाई. शिपाई म्हणजे आपलं ढोलपथक. (हे मला स्वतःलाच फार आवडलं. ढोलांचा आवाज आणि बुटांचा आवाज!) मग मीठ लपवणाऱ्या बायका. मग शिपायांची दाणादाण, ते पळून जातात. आणि सर्वांत शेवटी आज्या, पांढऱ्या घेरदार घागऱ्यांत गरगर फिरणाऱ्या, म्हणजे उन्हात चमकणाऱ्या मिठाच्या राशी. मुक्ती. समाप्त.

सरळ रेषेसारखं झालंय. एकही टाका सैल नाही.

२ ऑगस्ट

बाबांनी आराखडा वाचला. माझा प्रबंध त्यांनी कधी वाचला नव्हता, फक्त गॅसवाल्याला दाखवला होता. हा मात्र जेवणाच्या टेबलावर बसून, ओळीखाली बोट ठेवून वाचला. बाबा ढोलपथकात सर्वांत मोठा ढोल वाजवतात, मी जन्मायच्या आधीपासून.

"म्हणजे मी राजाचा शिपाई," ते आईला म्हणाले. "ऐकलंस का झुलेइदे? लेकीने बापाला सरकारी नोकरी लावली."

"टिकव म्हणजे झालं," आई म्हणाली.

"मग शेवटी मी काय करतो?" बाबांनी मला विचारलं.

"शेवटी तुम्ही नसताच बाबा. तुम्हाला मधेच हाकलून दिलेलं असतं."

बाबा हसत सुटले. "मला कोण हाकलतं! सर्वांत शेवटी घरी जाणारा माणूस मी."

त्यांना मुद्दा कळला नाही. पण मी समजावत बसले नाही. त्यांनी आराखडा इतक्या प्रेमाने वाचला, तेच खूप.

१६ ऑगस्ट

आज गाणी रचणाऱ्यांची शंका-सभा झाली. दर वर्षी होते. कथा लिहिणाऱ्याने समोर बसायचं आणि गाणेकरांनी हवं ते विचारायचं. मंडळाच्या शेडमध्ये पंधरा-वीस जण, पंखा एकच, तोही ओस्मारकाकांच्या डोक्यावर.

आधी ठीक चाललं. मीठ कुठल्या महिन्यात धरतं, टोपडी कशी असत वगैरे. मग वाल्मिर उठला. वाल्मिर म्हणजे तारेचं छोटं वाद्य वाजवणारा, दिवसा बसगाड्यांच्या काचा बसवणारा, आणि शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेणीला खडू बांधणारा. मला तो 'विदुषी' म्हणतो. पदवीच्या आधीपासून.

"विदुषी, एक सांग. शेवटी जे शिपाई येतात, त्यांच्या हातात शस्त्रं आहेत की नाहीत?"

"शेवटी शिपाई येत नाहीत. शेवटी मुक्ती आहे."

"हां, म्हणजे मुक्ती झाल्यावर येतात ते."

"मुक्ती झाल्यावर कुणीच येत नाही, वाल्मिर. कागद नीट वाच."

तो खाली बसला आणि सगळे एकमेकांकडे बघून हसले. कुणीतरी म्हणालं, "सांगणार नाहीत बाईसाहेब. गुपित ठेवायचंय त्यांना." ओस्मारकाकांनी मला चक्क डोळा मारला. जाताना खांद्यावर थाप मारून म्हणाले, "शिपायांची युक्ती जबरदस्त आहे, पोरी. एवढ्या वर्षांत कुणाला सुचली नाही."

ढोलांना शिपाई करणं ही युक्ती आहे खरी, पण एवढी कसली जबरदस्त? तरी बरं वाटलं. लोक बारकाईने वाचत नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे.

९ सप्टेंबर

आई शिपायांचे निळे कोट शिवतेय. घरात चालायला जागा नाही, खुर्चीवर बसायला गेलं की कुणाचा तरी खांदा टोचतो. बुटांचा प्रश्न ओस्मारकाकांनी सोडवला. कारखान्यातल्या लोकांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट कार्निव्हलच्या सुट्टीत उसने घ्यायचे. आत्ताही सरावाला एक-दोन रविवार मिळतील.

नोरातामावशी आज गुडघा दाखवायला आली होती. मी इतिहासाची आहे, डॉक्टर नाही, हे तिला किती वेळा सांगितलं. "पण शिकली आहेस ना," म्हणते. शेवटी बघितला. सुजलाय. बर्फ लाव म्हटलं. खूश होऊन गेली.

११ ऑक्टोबर

फार वाईट दिवस.

गाण्याची अंतिम निवड होती. तीन गाणी उरली होती. अख्खी वस्ती शेडमध्ये, तळलेल्या मासळीचा वास, पोरं खांद्यांवर. वाल्मिरचं गाणं शेवटी झालं. चाल चांगली आहे, हे मी नाकारत नाही. खाडीचं कडवं ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला. पण ध्रुवपद!

'मागून ये रे शिपाया, मागून ये,
ढोल तुझा पण चाल आमची, मागून ये.'

लोक वेडे झाले. दुसऱ्याच वेळी सगळ्यांना पाठ. नोरातामावशी सुजलेल्या गुडघ्यानिशी नाचली. निकाल वाचून दाखवायची गरजच नव्हती.

मी ओस्मारकाकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की या दोन ओळी काढाव्या लागतील. माझ्या कथेत शिपाई पळून जातात. ते लोकांच्या मागून नाचत येत नाहीत. हा इतिहासाचा विपर्यास आहे.

ओस्मारकाका गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "अगं, तू लिहिलंस तेच गातोय की तो."

तेवढ्यात वाल्मिर आला. घामाने निथळत होता, हसत होता. मी त्याच्या तोंडावर म्हटलं, "तू माझी कथा वाचलीसच नाहीस."

त्याचं हसू गेलं. त्याने खिशातून माझा आराखडा काढला. घड्यांवर फाटलेला होता, चिकटपट्टी लावलेला होता. "मला तर पाठ आहे," तो म्हणाला. "तुला आवडेल असं वाटलं होतं."

"मग पाठ असून चुकवलंस, ते जास्त वाईट."

त्याने आराखडा पुन्हा खिशात घातला आणि गेला. गाणं माझ्यासाठी नव्हतंच, मंडळासाठी होतं, मग मला आवडण्याचा प्रश्न कुठे येतो, कळत नाही.

१२ ऑक्टोबर

आईला सांगितलं, की ओळी राहणार असतील तर आराखड्यावरचं माझं नाव मी काढून घेणार.

आई तोंडात टाचण्या धरून म्हणाली, "काढ. कोट मात्र शिवलेत तेवढे राहतील."

"आई, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"असेल. तो कोट दे इकडे, तत्त्वावर बसली आहेस तू."

२३ नोव्हेंबर

नाव काढून घेण्याबद्दल मी लिहिलेलं पत्र ओस्मारकाकांनी अजून उघडलेलं नाही. शर्टाच्या खिशात घेऊन फिरतात आणि मी दिसले की दुसऱ्या रस्त्याने जातात. छपाईला द्यायचा पक्का आराखडा जानेवारीच्या मध्यापर्यंत पाठवायचा आहे. मी तो लिहून दिला नाही, तर कोण देणार? आणि लिहिला, तर शेवटी काय लिहू? गाण्यात एक आणि कागदात दुसरं, म्हणजे परीक्षक सोलून काढणार. आम्ही शेवटचे येऊ, आणि ते माझ्यामुळे. रात्री झोप नीट लागत नाही.

वाल्मिरशी मी बोलत नाही. तो हल्ली आईकडे फार येतो. परवा कसाव्याच्या कंदाचा केक घेऊन आला, त्याच्या आईने दिला म्हणे. काल कोटाची बटणं लावायला मदत करत बसला होता. मी आत गेले की पाच मिनिटांनी त्याला घड्याळ आठवतं. आईशी त्याचं चांगलं जमलंय.

११ जानेवारी

हे सावकाश लिहायला हवं. आणि मध्येच हसू येतंय.

आज रस्त्यावरचा मोठा सराव होता. मी जाणार नव्हते. पण कथा लिहिणाऱ्याने परीक्षकांच्या माचाजवळ बसून पाहायचं असतं, तशी पद्धत आहे, आणि बाबा म्हणाले, "नाव काढून घ्यायचं असेल तर काय काढून घेतेस ते बघ तरी आधी." म्हणून गेले.

मी या मिरवणुकीत चालायला लागल्यापासून आहे. पोरांच्या तुकडीत, मग फुलांच्या, मग कसल्या कसल्या. नेहमी ढोलपथकाच्या पुढे. मागे काय होतं ते वळून पाहायची मुभाच नसते, वळलं की तुकडीप्रमुख ओरडते. बाहेर बसून, एका जागेवरून, पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत आमचं मंडळ मी आज पहिल्यांदा पाहिलं.

ऊन-वारा गेला. खाडी, मीठ, हुकूम गेला. मग निळे कोट आणि रबरी बूट घातलेलं ढोलपथक आलं, छाती दणाणली, आणि मग ते डावीकडे वळलं. वळणारच. रस्त्याच्या मध्यावर त्यांच्यासाठी एक मोकळा कोपरा असतो. पथक तिथे शिरतं आणि उभं राहून वाजवत राहतं, म्हणजे मागच्या तुकड्यांनाही ताल मिळतो. सगळे पुढे निघून गेले की ते कोपऱ्यातून बाहेर पडतं आणि सर्वांच्या शेवटी चालू लागतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्या घराला मागची भिंत आहे हे जसं माहीत असतं, तसं माहीत होतं. फक्त लिहिताना कागदावर ढोलपथकाचा क्रमांक मध्ये होता, आणि मी कागदाकडे बघत होते.

बायका टोपडी घेऊन गेल्या. आज्या गेल्या, गरगर फिरत, आणि मी मनात म्हटलं, समाप्त. रस्ता रिकामा झाला. आणि मग कोपऱ्यातून शिपाई बाहेर आले. मी कागदावर मधेच हाकललेले सगळेच्या सगळे शिपाई, पुढे माझे बाबा, मोठा ढोल पोटावर, मान वर करून, पुढे गेलेल्या बायकांना गाठायला निघालेले. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, 'मागून ये रे शिपाया, मागून ये!' आणि ते येत होते.

सगळ्यांना माहीत होतं. बाबांना, ओस्मारकाकांना, वाल्मिरला, पंख्याखालच्या त्या सगळ्यांना. त्यांनी आराखडा कागद म्हणून वाचलाच नव्हता, रस्ता म्हणून वाचला होता. आणि मी त्यांना म्हणत होते, नीट वाचा.

१२ जानेवारी

सकाळी वाल्मिरच्या दुकानात गेले. तो बसची काच पुसत होता, मी बसमध्ये चढले आणि काचेच्या आतून सांगून टाकलं. समोरासमोर जमलं नसतं.

"मला कळलंच नव्हतं. शिपाई शेवटी येतात हे."

त्याने फडका खाली ठेवला. "म्हणजे तू ते मुद्दाम नव्हतंस केलं?"

"नाही."

तो एवढा हसला की मालक बाहेर आला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "ओस्मारकाकांना सांगू नकोस. पलीकडच्या दोन मंडळांना तुझी युक्ती सांगून जळवून आलेत ते."

पण मला ते पटेना. दुपारी कारखान्यावर जाऊन काकांना खरं ते सांगितलं. ते बर्फावर हात टेकून ऐकत राहिले आणि शेजारच्याला म्हणाले, "बघ. एवढी शिकलीय, पण गर्व नाही." माझं पत्र खिशातून काढून त्यांनी मला परत दिलं. मासळीचा वास येत होता त्याला. मी फाडून टाकलं.

१४ जानेवारी

उद्या आराखडा द्यायचा आणि शेवट सापडत नाही.

शिपाई परत येतात, हे आता नक्की. पण का येतात? शस्त्रं घेऊन आले तर मुक्ती कुठली? कैदी म्हणून आले तर बाबांना साखळदंड, ते मी करणार नाही. पश्चात्ताप झाला म्हणावं, तर सबंध पथकाला एकदम पश्चात्ताप कसा होईल? आणि झाला तरी तो लांबून दिसणार कसा?

बाबांना विचारलं, "शेवटी चालताना तुमच्या मनात काय असतं?"

"काही नसतं. या वेळी बूट असतील. पाय शिजतात गं त्यात. कोपऱ्यात उभे असताना तर वाटतं, फेकून द्यावेत."

"मग फेका," आई म्हणाली.

"आणि गुण कापले तर? वेशातली एक वस्तू कमी दिसली की परीक्षक टपलेलेच असतात."

मी जेवता जेवता उठले. शिपायांनी मिठाचं काय केलं होतं? बूट घालून वाफे तुडवले होते. आजही मिठागरात कुणी बूट घालून उतरत नाही, मीठ काळं होतं. म्हणजे शिपाई मिठाच्या राशींमागून येणार असतील तर अनवाणीच आले पाहिजेत! कोपऱ्यात बूट काढायचे आणि अनवाणी बाहेर पडायचं. पश्चात्ताप वगैरे काही म्हणायचीच गरज नाही. पाय दिसतील.

बाबांना सांगितलं, तर ते पुन्हा गुणांवर आले.

"कापणार नाहीत बाबा. आधी लिहून दिलं नाही तर ती चूक. लिहून दिलं तर ती कथा."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "चार वर्षांत हे शिकवतात होय?" ते म्हणाले. "चांगलं आहे की."

१५ जानेवारी

दिला. शेवटचा परिच्छेद असा: 'कोपऱ्यातून बाहेर पडताना शिपायांच्या पायांत बूट नाहीत. कुणी त्यांना बोलावलेलं नाही, कुणी हाकललेलंही नाही. ते मिठावरून चालायला शिकून मागून येतात.'

देण्याआधी वाल्मिरला वाचून दाखवला. तो म्हणाला, "आता माझं गाणं थोडं कच्चं वाटायला लागलं." म्हणजे आवडला असावा.

१५ फेब्रुवारी

आता दुपार आहे. घर अजून झोपलंय. माझे खांदे दुखताहेत आणि याचं कारण लिहायलाच हवं.

काल संध्याकाळी मिरवणुकीत सर्वांत आधी आमची पाळी होती, उजेड असतानाच. सगळं ठरल्याप्रमाणे. नोरातामावशीच्या आज्या अशा फिरत होत्या की डोळे दिपले. मी कोपऱ्यात होते, पथकाला वेळेवर इशारा द्यायला. वाल्मिर वादकांना पाणी द्यायला होता. वाजवता वाजवता एक रांग पाय झटकते, मग दुसरी, असं आम्ही दहा वेळा घोटून घेतलं होतं. रबरी बूट भराभर निघाले. ताल एकदाही तुटला नाही. शेवटची आजी पुढे गेली, मी हात खाली केला, आणि शिपाई अनवाणी बाहेर पडले. मग जो आवाज उठला, तो मी कधी विसरणार नाही. माचावर परीक्षक उभा राहून पायांकडे बघत होता.

माझं काम संपलं होतं. मी डोळे पुसले, मागे वळले, आणि समोर बुटांचा डोंगर.

अख्ख्या ढोलपथकाचे बूट. बूट काढायचे, एवढं मी लिहिलं होतं. काढलेल्या बुटांचं पुढे काय, ते नव्हतं लिहिलं. कागदावर काढलेली वस्तू नाहीशी होते. इथे ती पडून होती, आणि पुढच्या मंडळाचं ढोलपथक त्या कोपऱ्यात शिरायला निघालं होतं.

झाडूवाला आला. नारिंगी गणवेश, मोठी ढकलगाडी. "हा कचरा कुणाचा? उचलू?"

"कचरा नाही!" मी किंचाळले. "कारखान्याचे आहेत! बुधवारी परत द्यायचेत!"

"मग बघताय काय बाई? भरा की."

आम्ही भरले. गाडी शिगोशीग भरली तरी उरले. मी गळ्यात, दोन्ही हातांवर, काखेत घेतले. वाल्मिरने दोन हातांत घातले, बाकीचे मिठीत धरले. बाहेर पडायला वाट एकच होती, रस्ता, पथकाच्या मागून. आम्ही धावलो. मागून झाडूवाला गाडी ढकलत, आणि गाणं कानावर पडताच तो नाचायला लागला. त्याला कोण थांबवणार?

लोकांना वाटलं, हाच शेवट.

"अगं शिपायाची बायको, हळू पळ! नवरा पुढे गेलाय!" एक बाई कठड्यावरून ओरडली.

"बुटांसकट सांभाळ गं त्याला!" दुसरी.

"हा नवरा नाही!" मी ओरडले.

"मग कोण आहे?" सगळा कठडा एका सुरात.

वाल्मिर हातांतले बूट टाळ्यांसारखे आपटत होता आणि वाटेल तसा हसत होता. मलाही हसू आवरेना. एक बूट पडला, उचलायला वाकले तर तीन पडले. झाडूवाल्याने ते झाडूने माझ्याकडे ढकलले, तेही तालात. त्या रस्त्यावर मी लहानपणापासून चाललेय, पण असं कुणाच्या मागून, काहीही न ठरवता, कधी गेले नव्हते.

१८ फेब्रुवारी

निकाल लागला. शेडमध्ये रेडिओभोवती सगळे. आम्ही मधोमध आलो. शेवटचे नाही, शेवटून दुसरेही नाही, चक्क मधोमध! शहराच्या मिरवणुकीत आम्ही राहिलो. ओस्मारकाकांनी बाबांना उचललं, बाबांनी मला, आणि नोरातामावशी म्हणाली, "चालवता येते बाई हिला गोष्ट. धाववताही येते."

कथेला दोन परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. तिसऱ्याने गुणाचा एक दशांश कापला. कापला की कारण लिहून द्यावं लागतं, ते ओस्मारकाकांनी चढ्या आवाजात वाचलं: 'अखेरीस बूट घेऊन धावणारे एक पुरुष, एक स्त्री व एक सफाई कामगार यांचा आराखड्यात उल्लेख नाही.'

"तक्रार करू!" काका गरजले. "लोकांना सर्वांत जास्त तेच आवडलं!"

मी म्हटलं, तक्रार नको. परीक्षक बरोबर आहे. आम्ही आराखड्यात नव्हतो.

दुपारी मी आणि वाल्मिर बूट परत द्यायला गेलो. जोड्या लावता लावता शेवटी दोन डावे बूट उरले. उजवे कुठे गेले ते देव जाणे. कारखान्याचा माणूस शिव्या देत होता आणि तोच गाणंही गुणगुणत होता.

परत येताना वाल्मिर पाय ओढत माझ्या मागून येत होता. त्याला हे शोभत नाही. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी त्या दोघांना आराखड्यात घेशील का? बूटवाल्यांना?"

"विचार करून सांगावं लागेल. कुठल्या तुकडीत, कुठल्या क्रमाने—"

"लुसिमारा," तो म्हणाला. विदुषी नाही. "लिहू नंतर. रविवारी माझ्याबरोबर येतेस का?"

मी हो म्हटलं. कुठे जायचं, ते विचारलं नाही.